शोध लावला कुणी, लागला कुणाच्या नावावर?

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला शिक्षकांच्या एका बैठकीसाठी गेलो होतो. बैठक लवकर आटोपली. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून नववी-दहावीच्या मुलांशी तासभर गप्पा मारल्या. सुरुवात आपण सगळेच करतो तशी झाली. टेलिफोनचा शोध कुणी लावला? बेल. रेडिओ? मार्कोनी. विजेचा दिवा? एडिसन. उत्तरं एका सुरात, पाढे म्हटल्यासारखी. मग मी विचारलं, "हे त्यांनीच लावले हे कुणी ठरवलं?" वर्ग गप्प झाला. थोड्या वेळानं एक मुलगा म्हणाला, "त्यांनी पेटंट घेतलं होतं म्हणून."

उत्तर वाईट नव्हतं. पण त्यामुळे मागच्या बाकावरच्या एका मुलीला धीर आला. ती म्हणाली, "सर, आमच्या आज्यानं कांद्याचं घरचं बी धरलंय. कांदा बराखीत टिकतो म्हणून गावातले पुष्कळ जण तेच बी नेतात. आज्याचं पेटंट निघेल का?"

"आपल्याकडे बियाण्याचं पेटंट निघत नाही," असं मी सांगून टाकलं. हे कायद्याप्रमाणे बरोबर आहे. पण एसटीत बसल्यावर वाटत राहिलं की मुलीचा प्रश्न पेटंटचा नव्हताच. ते बी आज्याचं आहे, हे कुणी मान्य करील का, असं ती विचारत होती. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे. तो जरा लांबून, टेलिफोनपासूनच, सुरू करावा लागेल.

दिवस होता १४ फेब्रुवारी १८७६. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या वकिलानं एक अर्ज दाखल केला. त्याच दिवशी शिकागोजवळ राहणाऱ्या एलिशा ग्रे यांच्या वकिलानंही एक कागद दाखल केला. ग्रे यांचा कागद पूर्ण अर्ज नव्हता, ती पूर्वसूचना होती. 'तारेतून बोलणं पाठवण्याचं साधन मी तयार करत आणलं आहे, त्याच विषयावर दुसऱ्या कुणाचा अर्ज आला तर मला कळवा' अशा अर्थाची. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात अशी सोय होती. दोन कागदांपैकी आधी कुठला पोचला, कार्यालयातल्या कारकुनानं कुणाचा कागद कुणाला दाखवला, यावर आजही पुस्तकं निघतात. ७ मार्चला बेल यांना १,७४,४६५ क्रमांकाचं पेटंट मिळालं. आणि बेल यांच्या यंत्रातून शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला पहिलं स्पष्ट वाक्य ऐकू गेलं ते १० मार्चला! म्हणजे पेटंट आधी आणि बोलणं तीन दिवसांनी. मुलांना ही तारीखवार गोष्ट जरूर सांगावी. शोध हा एका क्षणी फटकन लागतो, हा समज त्यानं थोडा तरी हलतो.

मला मात्र या भांडणातला तिसराच माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. पाठ्यपुस्तकात तो कधी येत नाही. त्याचं नाव डॅनियल ड्रॉबॉ. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका खेड्यातला हा हरहुन्नरी कारागीर. १८८० नंतर त्याच्या बाजूनं न्यायालयात सांगण्यात आलं की, बेलच्या कितीतरी आधी त्यानं घरी बोलणारी तार तयार केली होती. साक्षी द्यायला गावकरी उभे राहिले. 'आम्ही त्याच्या कार्यशाळेत गेलो होतो, डबा कानाला लावला होता, त्यातून आवाज ऐकला होता.' मग पेटंट का घेतलं नाही? पैसे नव्हते म्हणून, असं ड्रॉबॉचं म्हणणं. विरुद्ध बाजूनं दाखवून दिलं की याच काळात दुसऱ्या वस्तूंची पेटंटं त्यानं घेतली होती. मग नेमकी हीच गोष्ट तो इतकी वर्षं दडवून कशी बसेल?

१८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बेल जिंकले, चार विरुद्ध तीन मतांनी. ते तीन न्यायाधीश ग्रे यांच्या बाजूचे नव्हते, ड्रॉबॉच्या बाजूचे होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी त्यांना खऱ्या वाटल्या होत्या. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर कवठ्याच्या मुलांनी त्या दिवशी एका सुरात "ड्रॉबॉ" म्हटलं असतं. ड्रॉबॉ खरा होता की खोटा, याची मी हमी देत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की न्यायालयासमोर येतो तो शोध नसतो, शोधाचा पुरावा असतो. कागद, तारीख, साक्षीदार यांच्या रूपातला.

आता पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मराठीत त्याला 'एकस्व' असा शब्द आहे, पण तो सरकारी परिभाषेतच राहिला. पेटंट हे बक्षीस किंवा प्रमाणपत्र नाही, तो एक सौदा आहे. शोधकानं आपली युक्ती इतक्या तपशिलानं लिहून द्यायची की त्या विषयातला दुसरा जाणकार ती वाचून तसंच करू शकेल. बदल्यात सरकार म्हणतं, ठरावीक वर्षं तुझ्या परवानगीशिवाय हे कुणी करणार नाही. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं आहे. युक्ती नवी हवी, जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी आणि उद्योगात वापरता येण्यासारखी हवी.

पेटंट आणि लेखनाचा कॉपीराइट यांत मुलांचाच काय, आपलाही घोटाळा होतो. त्याला कवठे येमाईचंच उदाहरण आहे. बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी पुष्कळ गाणी आणि वगनाट्यं लिहिली. गाणं कागदावर उतरलं की त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याला आपोआप मिळतो, अर्ज करावा लागत नाही. (कनातीत बसलेल्या प्रेक्षकाला लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक असतं का, हा भाग वेगळा.) पेटंटचं तसं नाही. अर्ज नाही तर हक्क नाही. आणि दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट शोधली, तरी पेटंट एकालाच मिळतं.

कुणाला? इथे देशादेशांत फरक होता. बहुतेक देश म्हणत, आधी अर्ज करील त्याला. आपलंही तसंच. अमेरिका मात्र १६ मार्च २०१३ पर्यंत म्हणत असे, आधी शोध लावील त्याला. त्यामुळे तिथल्या प्रयोगशाळांत बांधलेल्या वह्या असत, प्रत्येक पानावर तारीख आणि दुसऱ्या माणसाची सही. उद्या तंटा झाला तर वही बोलेल, म्हणून.

भारतात 'शोधक' कोण, याचा इतिहास तर फारच गमतीचा आहे. पहिला कायदा कंपनी सरकारचा, १८५६ सालचा. त्या वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढायला माणूस लागू नये म्हणून. त्या कायद्यात परदेशातली युक्ती इथे पहिल्यांदा आणणाराही शोधक धरला जात होता. म्हणजे बोटीतून उतरताना खिशात नकाशा असला की झाला शोधक! १८५९ च्या कायद्यानं आयात करणाऱ्याला वगळलं. इंग्लंडमध्ये मात्र ही समजूत विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती. आपला १९७० चा कायदा या बाबतीत स्वच्छ बोलतो. 'खरा आणि पहिला शोधक' या शब्दांत आयात करणारा येत नाही, आणि बाहेरून ज्याच्या कानावर युक्ती आली तोही येत नाही. कंपनी पेटंटची मालक होऊ शकते, शोधक होऊ शकत नाही. शोधक हा हाडामांसाचा माणूसच हवा.

गप्पा चालू असताना शाळेबाहेर एका पालकांची पल्सर उभी होती. पल्सरचा खटला ज्या शिक्षकांना ठाऊक नसेल, त्यांनी तो जरूर समजून घ्यावा. भौतिकशास्त्राचा एक चांगला तास त्यातून निघतो.

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपाशी सुरू झालेली ज्योत पुढे सरकत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असली तर इंधन वाचतं, पण ज्योत रेंगाळते. समोरासमोर दोन प्लग बसवले तर दोन्हीकडून ज्योत निघते, प्रत्येकीला अर्धंच अंतर कापावं लागतं, ज्वलन झटकन पुरं होतं. ही कल्पना जुनी आहे. विमानांच्या इंजिनांत दोन-दोन प्लग फार पूर्वीपासून आहेत. तिथे एक प्लग बंद पडला तर दुसरा असावा, हेही कारण होतं. मोटरसायकलच्या इंजिनाची अडचण जागेची. झडपा, त्या हलवणारी यंत्रणा आणि तेल यांच्या गर्दीत दुसरा प्लग बसवायचा कुठे?

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीनं २००२ मध्ये अर्ज केला आणि २००५ मध्ये तिला १,९५,९०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. दावा 'दोन प्लगचं इंजिन' एवढा मोघम नव्हता. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, चार स्ट्रोकचं छोटं इंजिन, कमी पेट्रोलचं मिश्रण आणि त्यात दोन प्लग, असा तो बांधलेला होता. २००७ मध्ये तमिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीनं 'फ्लेम' ही १२५ सीसीची मोटरसायकल जाहीर केली. तिच्यात दोन प्लग होते आणि व्यास होता ५४.५ मिलिमीटर. झालं, मद्रास उच्च न्यायालयात दोन्ही बाजूंनी दावे पडले. टीव्हीएसचं म्हणणं, होंडाच्या एका जुन्या अमेरिकन पेटंटमध्ये हे सगळं आहे आणि त्याची मुदतही संपली आहे. शिवाय आमच्या इंजिनात झडपा तीन आहेत, ते वेगळंच इंजिन आहे. बजाजचं म्हणणं, होंडाचं इंजिन मोठं होतं. छोट्या व्यासात हे जमवणं हाच तर आमचा शोध.

फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. टीव्हीएसनं फ्लेम एकाच प्लगची करून बाजारात आणली. मे २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं मनाई उठवली. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की टीव्हीएसनं गाड्या विकाव्यात पण विक्रीचा चोख हिशेब ठेवावा, आणि असे खटले रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत संपवावेत. या खटल्यात प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांनी समझोता केला तो २०१९ साली. पेटंटची वीस वर्षं २०२२ मध्ये संपायची होती! बारा वर्षांत कुठल्याही वर्तमानपत्रानं एक गोष्ट मात्र वाचकाला धड सांगितली नाही. ते इंजिन कागदावर काढणारे अभियंते कोण? भांडण 'बजाज विरुद्ध टीव्हीएस' असंच छापून आलं. पेटंटच्या कागदावर शोधकांची नावं असतात, ती वाचायला कुणी जात नाही.

कंपन्या तरी तुल्यबळ होत्या. दोघींकडे वकील, नकाशे, चाचण्यांचे अहवाल. जिथे ज्ञान कुणा एकाचं नसतं, घराघरांतलं असतं, तिथे काय होतं?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम बरी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. शोधक म्हणून दोन नावं होती, सुमन दास आणि हरिहर कोहली. दोघंही भारतीय वंशाचे. आपल्याकडे बोट कापलं की आई हळदीच्या डब्याकडे धावते. तेव्हा हे ऐकून आपण हसू किंवा चिडू. वर्तमानपत्रांतून दोन्ही प्रकार भरपूर झाले. पण पेटंट कार्यालयाला राग पाठवून उपयोग नसतो.

इथे कायद्यातली एक खोच समजून घ्यायला हवी. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट 'आधीपासून माहीत' आहे की नाही हे पाहताना, अमेरिकेत लोक ती वापरत असतील तर तेवढं पुरे. अमेरिकेबाहेर मात्र ती छापलेली असायला हवी, किंवा तिचं पेटंट तरी झालेलं असायला हवं. बाहेरच्या देशातला नुसता वापर धरला जात नसे. म्हणजे कोट्यवधी आजीबाई एका बाजूला आणि छापील कागदाचं एक पान दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर पारडं पानाकडे झुकणार.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आधीचे संचालक. परिषदेनं पानं शोधायचं ठरवलं. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून बत्तीस संदर्भ काढले, त्यांची भाषांतरं केली आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये पेटंटची फेरतपासणी मागितली. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक निबंधही होता. अमेरिकन कार्यालयानं संदर्भ मान्य केले. १९९७ मध्ये दावे नाकारले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये पेटंटमधले सगळे दावे रद्द झाल्याचं प्रमाणपत्र निघालं.

विजय मोठा होता, यात शंका नाही. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा राहिला. २०१३ पासून अमेरिकेनंही परदेशातला उघड वापर धरायला सुरुवात केली. पण हा खटला 'हळद आमची' म्हणून जिंकलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. 'हे नवं नाही' एवढंच सिद्ध झालं. हळदीचा शोधक कोण हा प्रश्न तिथे नव्हताच, आणि हळदीचा हक्क भारताच्याही नावावर लागला नाही. तो सर्वांसाठी मोकळा राहिला, इतकंच. हळदीच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण एखाद्या शेतकऱ्यानं, नाव-गाव असलेल्या एका माणसानं, आपल्या डोळ्यांनी आणि हातांनी काही नवं केलं असेल तर?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. (मराठवाड्यातलं नांदेड वेगळं.) तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडएक एकर. १९८३ साली त्यांच्या धानात, म्हणजे 'पटेल-३' या जातीच्या भातात, त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंगानं पिवळसर. तुम्हीआम्ही बांधावरून गेलो असतो तर त्या आपल्याला दिसल्याच नसत्या, हे आधी मान्य करू. दादाजींनी त्या खुडून पिशवीत वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या.

इथे थोडं जीवशास्त्र. भात हे स्वपरागित पीक आहे. एकाच फुलातले पराग त्याच फुलातल्या स्त्रीकेसरावर पडतात. त्यामुळे जातीचे गुण पिढ्यान् पिढ्या टिकतात. पण क्वचित कधी जनुकात बदल होतो, किंवा वाऱ्यानं शेजारच्या जातीचे पराग येतात, आणि हजारोंत एखादं रोप निराळं निघतं. ते निराळेपण टिकाऊ आहे की खतापाण्याच्या फरकामुळे आलं आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. त्याला एकच उपाय. ते बी वेगळं पेरायचं, त्यातली सारखी रोपं ठेवायची, वेगळी उपटायची, आणि हे दर हंगामाला करत राहायचं. पुस्तकात याला निवड पद्धत म्हणतात. दादाजींनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण वर्षामागून वर्ष त्यांनी नेमकं हेच केलं. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला लागला, उताराही चांगला आला. १९९० च्या सुमारास बी दुसऱ्या शेतकऱ्यांकडे गेलं आणि तांदूळ बाजारात आला. तेव्हा व्यापाऱ्यांनी विचारलं, हा कुठला वाण? नाव नव्हतंच. एचएमटी घड्याळांची तेव्हा चलती होती. तांदूळ एचएमटी झाला.

१९९४ मध्ये सिंदेवाही इथल्या भात संशोधन केंद्रातून माणसं आली आणि अभ्यासासाठी पाच किलो बी घेऊन गेली. हे केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. त्यात दादाजींचं नाव नव्हतं.

विद्यापीठाची बाजू अशी होती की मूळ बियाण्यात भेसळ होती, ते आम्ही शुद्ध केलं. शुद्धीकरण हे खरं काम आहे, त्याची टिंगल करू नये. एकेका लोंबीचं बी एकेका ओळीत पेरायचं, ओळीत एक जरी वेगळं रोप दिसलं तरी अख्खी ओळ बाद करायची, आणि उरलेल्यातून पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित बियाणं तयार करायचं. हे दीड एकरवाल्या माणसाला झेपणारं नाही. पण भेसळ काढली म्हणजे वाण निर्माण केला, असं होतं का? माझ्या मते होत नाही. आणि याला पुरावा विद्यापीठानंच ठेवला आहे, वाणाच्या नावात. 'पीकेव्ही' अकोल्याचं, पण 'एचएमटी' ही तीन अक्षरं काही अकोल्यात जन्मलेली नाहीत.

दादाजींना न्यायालयात जाता आलं असतं का? कुठल्या कायद्याखाली? पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात वनस्पती, बियाणी आणि वाण वगळलेले आहेत. पिकांच्या वाणांसाठी वेगळा कायदा १९९८ मध्ये अस्तित्वातच नव्हता. तो आला २००१ साली, आणि त्यासाठीचं प्राधिकरण स्थापन झालं २००५ मध्ये. आता त्या कायद्यात काय आहे ते पाहा. नवा वाण विकसित करणारा शेतकरी हा इतर पैदासकारासारखाच नोंदणीला पात्र आहे. त्याला नोंदणीचं शुल्क नाही. आणि शेतकऱ्याच्या वाणापासून दुसऱ्यानं मूलतः साधित असा वाण काढला, तर त्याला अधिकार देण्याआधी मूळ शेतकऱ्यांची संमती लागते. एकेक कलम वाचताना असं वाटतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नागभीडचं ते शेत असावं. कायदा मात्र तीन वर्षं उशिरा आला.

अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं दादाजींचं काम नोंदवलं आणि जानेवारी २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्ज'नं त्यांचं नाव ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घातलं. दादाजी थांबले नव्हतेच. 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' असे आणखी वाण त्यांनी काढले. पहिल्या वाणाच्या वेळी नाव राहून गेलं होतं. पुढच्या वाणांत गावाचं नाव आहे, आणि 'डीआरके' ही तर त्यांची स्वतःचीच आद्याक्षरं. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत पैशाची ओढाताण होती.

शिरूरच्या बाजारात किराणा दुकानात जाऊन पाहा, 'एचएमटी कोलम' लिहिलेली पोती दिसतील. घड्याळं काढणारी एचएमटी बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. पोत्यावरचं नाव अजून आहे.

त्या मुलीला मी नंतर पत्र लिहिलं. पेटंट नाही, पण 'शेतकऱ्याचा वाण' म्हणून प्राधिकरणाकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. वाण इतरांपेक्षा वेगळा आहे, सगळी रोपं एकसारखी येतात आणि पिढ्यान् पिढ्या तशीच येतात, हे दाखवावं लागेल. कांद्याच्या बाबतीत ते भातापेक्षा अवघड आहे, कारण कांद्याच्या फुलांवर मधमाश्या शेजारच्या वावरातले पराग आणतात. शुद्ध बी धरायचं तर डेंगळ्यांच्या आसपास अर्धा-एक किलोमीटर दुसऱ्या कांद्याची डेंगळी असता कामा नयेत. कवठ्यासारख्या कांद्याच्या गावात हे कसं जमवायचं, ते आज्यालाच विचार. आणि एक वही कर. बी कोणत्या साली, कुठल्या कांद्यापासून धरलं, दरवर्षी काय ठेवलं आणि काय टाकलं, कुणी कुणी नेलं, ते लिहून ठेव. खाली आज्याची सही घे आणि एका शेजाऱ्याची घे.

महिनाभरानं उत्तर आलं. वहीची तीन पानं भरली होती. पहिल्याच पानावर अडचण होती. आजोबांनी सांगितलं होतं की मूळचं बी त्यांनी त्यांच्या मामाकडून, जुन्नरच्या बाजूनं आणलं, आणि नंतर तीस वर्षं त्यातले टिकाऊ कांदे निवडत आले. मामानं ते कुठून आणलं, हे आता सांगायला कुणी नाही. मुलीनं खाली विचारलं होतं, "सर, मग पहिलं नाव कुणाचं लिहू?"